पेढीचा माग कसा काढायचा: एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या व्यापारी नोटिसा वाचताना

‘आमच्या पणजोबांची कोटात (आजच्या फोर्टात) पेढी होती’ असं सांगणारी घरं मुंबई-पुण्यात पुष्कळ आहेत. कागद मात्र सहसा कुणाकडे नसतो. वह्यांना वाळवी लागलेली असते, खरेदीखतं वाटण्यांत इकडे-तिकडे गेलेली असतात, आणि मोडी वाचणारं घरात कुणी उरलेलं नसतं. अशा वेळी जुन्या वर्तमानपत्रांतल्या व्यापारी नोटिसा उपयोगी पडतात: भागीदारी मोडली, गलबत निघालं, हुंडी (अमक्याला पैसे द्यावेत अशी व्यापाऱ्यांची लेखी चिठ्ठी) हरवली, दिवाळं निघालं, लिलाव आहे. त्या काळच्या इंग्रजी पत्रांचं पहिलं पान बातम्यांचं नसे, याच मजकुराचं असे.

कामाला लागण्याआधी एक गोष्ट पक्की करा. सुटी नोटीस फार थोडं सांगते. तिच्या आधीची आणि नंतरची सापडली, तरच व्यवहार कळतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या ही साखळी जोडण्यासाठी आहेत.

पहिली पायरी: कोणतं पत्र चाळायचं

‘बॉम्बे कुरियर’ आणि ‘बॉम्बे गॅझेट’ ही इंग्रजी पत्रं अठराव्या शतकाच्या अखेरीपासूनची. ३ नोव्हेंबर १८३८ला ‘बॉम्बे टाइम्स अँड जर्नल ऑफ कॉमर्स’ सुरू झालं. १८६१पासून त्याचंच ‘टाइम्स ऑफ इंडिया’ झालं. जहाजं, विमा, बँका, साहेबी दुकानं यांचा मजकूर इथे सापडेल. पारशी, भाटिया, बोहरी व्यापाऱ्यांचा माग काढायचा असेल, तर १८२२पासून निघणाऱ्या गुजराती ‘मुंबई समाचार’ला पर्याय नाही. गुजराती येत नसेल तर लिपी तरी शिका. देवनागरी येणाऱ्याला ती अवघड जात नाही.

मराठीत बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ (१८३२) मराठी-इंग्रजी दोन स्तंभांत निघे आणि १८४०मध्ये बंद पडलं. त्यानंतर भाऊ महाजनांचं ‘प्रभाकर’ (१८४१), अहमदनगरचं ‘ज्ञानोदय’ (१८४२), पुण्याचं ‘ज्ञानप्रकाश’ (१८४९), मुंबईचं ‘इंदुप्रकाश’ (१८६२), पुण्याचं ‘केसरी’ (१८८१). मराठी पत्रांत मोठा व्यापार शोधू नका, पदरी निराशा येईल. पुस्तकं, छापखाने, औषधं, घरांची विक्री आणि कोर्टाच्या नोटिसा या बाबतीत मात्र ती श्रीमंत आहेत.

या सगळ्यांच्या जोडीला ‘मुंबई सरकारचं गॅझेट’ आहे. कंटाळवाणं, पण विश्वासू. दिवाळखोरी, सरकारी ठेके, बेवारस मिळकती यांच्या नोटिसा तिथे येतात, आणि सरकारी असल्यामुळे तारखा चोख असतात.

मुंबईत एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आणि एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार ही दोन मुख्य ठिकाणं. सोसायटीचा बराच जुना संग्रह ‘ग्रंथसंजीवनी’ या संकेतस्थळावर आलेला आहे. प्रत्यक्ष गेलात तर एकदम दहा वर्षांच्या फायली मागू नका. एक सहामाही घ्या, ती पूर्ण चाळा, मग पुढची.

दुसरी पायरी: नावाची किमान पाच रूपं लिहून काढा

संगणकावर नाव टाकून शोधणाऱ्यांची इथेच फसगत होते. जगन्नाथ शंकरशेट यांचं नाव त्या काळच्या इंग्रजी छपाईत ‘जगोनाथ सनकरसेट’ वाचावं अशा अक्षरांत येतं. कृष्ण ‘के’ऐवजी ‘सी’ने सुरू होतो, लक्ष्मणात ‘एक्स’ घुसतो, विठ्ठल-विठोबा ‘डब्ल्यू’ने लिहिले जातात, ‘जी’च्या शेवटी दोन ‘ई’ येतात. बापाचं नाव कधी असतं, कधी गळतं, आणि आडनाव तर बहुतेक वेळा नसतंच. ‘गोविंद नारायण’ एवढ्याच नावाची माणसं एका वेळी शहरात किती असतील, याचा अंदाज तुम्हीच करा.

म्हणून नुसत्या नावावर विसंबू नका. नाव, धंदा आणि पत्ता या तिन्हींपैकी दोन जुळले, तर माणूस तोच असण्याची शक्यता धरा. तिन्ही जुळले, तरच पक्कं माना. जुनी पानं यंत्रानं वाचताना तुटक ठशांची अक्षरं हटकून चुकतात. तेव्हा नावानं काही सापडलं नाही, तर गल्लीच्या नावानं शोधा. गल्ल्यांची नावं त्या मानानं एका वळणाची छापलेली असतात.

तिसरी पायरी: नोटीस कोणत्या जातीची ते ओळखा

सर्वांत मोलाची म्हणजे भागीदारीची नोटीस. तिचा साचा साधारण असा: ‘आमच्या पेढीतील अमुक यांचा भाग व जबाबदारी आजपासून संपली, येथून पुढे तमुक हे भागीदार झाले असून अमक्यास आमच्या वतीने सही करण्याचा अधिकार दिला आहे.’ ही सौजन्याची सूचना नव्हती. बाहेर पडलेल्या भागीदाराने जाहीर केलं नाही, तर जुन्या गिऱ्हाइकांच्या लेखी तो पेढीच्या कर्जाला बांधलेलाच राही. त्यामुळे अशा नोटिसा जिवाच्या करारानं छापल्या जात, आणि म्हणूनच त्यांवर भरवसा ठेवता येतो.

त्यात चार गोष्टी पाहा. बदल कोणत्या तारखेपासून लागू? कोण गेलं? येणं-देणं कोणाच्या गळ्यात पडलं? सही कोण करणार? चौथ्या प्रश्नाकडे लोक दुर्लक्ष करतात. ‘वतीने सही’ करणारा आजचा कारकून चार-पाच वर्षांनी त्याच पेढीचा भागीदार म्हणून भेटतो. घराण्याच्या उत्कर्षाची पहिली छापील खूण बहुधा हीच असते. साहेबी पेढ्या असे फेरबदल बहुधा वर्षअखेरीचे हिशेब मिटवून करत, तर गुजराती-मारवाडी पेढ्या दिवाळीत, वह्या बदलताना. त्यामुळे जानेवारीचे आणि दिवाळीनंतरच्या पंधरवड्याचे अंक आधी पाहा. मेहनत निम्म्यानं वाचते.

भागीदारी का मोडली याचं कारणही शब्दांत असतं. मुदत संपून मोडली असेल तर सरळ मामला. ‘परस्पर संमतीने’ म्हटलं असेल तर जरा थांबा: पुढच्या सहा महिन्यांत दोघांची वेगवेगळी दुकानं निघाली का, की एकानं दुसऱ्याशी व्यवहार करू नये अशी नोटीस आली, ते बघा. दुसरं घडलं असेल तर संमती कितपत होती ते उघड आहे. मृत्यूनं मोडली असेल तर मृताच्या मिळकतीवरचे दावे मागवणारी वहिवाटदारांची (मिळकतीचा कारभार पाहणाऱ्यांची) नोटीस जवळपास असते. तिच्यावरून कोर्टाच्या दप्तरातलं मृत्युपत्र गाठता येतं. मुंबईत हे दप्तर १८६२पर्यंत सुप्रीम कोर्टाचं, त्यापुढे हायकोर्टाचं.

हुंडी हरवल्याची नोटीस छोटी असते, पण तिच्यात बाजाराचा अख्खा नकाशा असतो. हुंडी कुठून लिहिली, कुणावर लिहिली, कुणाला जोग (पैसे कुणाला द्यायचे), किती रुपयांची, दर्शनी (दाखवताच पैसे मिळणारी) की मुदती, हे सगळं एका वाक्यात येतं. हुंडी गहाळ झाली की तिची ‘पेठ’ म्हणजे दुसरी प्रत लिहीत, तीही गेली तर ‘परपेठ’. मुंबईच्या एखाद्या सराफाच्या अशा तीन-चार नोटिसा एकत्र केल्या, तर त्याचे आडते (परगावचे प्रतिनिधी) कोणत्या गावी होते ते आपोआप कळतं. त्याच रांगेत अर्ध्या नोटा हरवल्याच्या नोटिसा दिसतील. टपालात चोरी होऊ नये म्हणून लोक चलनी नोट मधोमध कापत आणि दोन अर्धुकं वेगवेगळ्या टपालानं पाठवत. एक गहाळ झालं की नोटेचा नंबर छापून जाहीर करत.

जहाजांच्या नोटिसांत ‘सुमारे अमक्या तारखेस निघेल’ असं असतं. त्यातल्या ‘सुमारे’ला फार महत्त्व द्या. माल भरेपर्यंत जहाज हलत नसे आणि तीच नोटीस तारीख बदलून आठवडेच्या आठवडे येई. किनाऱ्यावरच्या गलबतांची रहदारी पावसाळ्यात थंडावे आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा सुरू होई. आषाढात कोकणच्या मालाची नोटीस दिसली नाही, म्हणून व्यापारी बुडाला असं समजू नये.

लिलावाच्या नोटिसा वाचायला मजेच्या. साहेब विलायतेला निघाला की त्याचा घोडा, बग्गी, पियानो, काचसामान, उरलेली दारू सगळं लिलावात जाई आणि यादी छापली जाई. अशा वस्तू लिलावात घेऊन पुढे विकणं हा देशी दुकानदारांचा चांगला चालणारा धंदा होता. यादीत किमती नसतात, हे लक्षात असू द्या. किमती हव्या असतील तर दुकानांच्या जाहिराती पाहाव्यात. त्यांच्याबद्दल अधिक सांगण्यासारखं नाही. ‘नुकताच आलेला उत्तम माल’ हे शब्द तेव्हाही आजच्याइतकेच स्वस्त होते.

चौथी पायरी: तारीख

प्रत्येक नोटिशीला दोन तारखा असतात: खाली लिहिलेली आणि अंकावरची. दोन्ही टिपा. खालची तारीख तीच राहून नोटीस महिनाभर छापली गेलेली असते. पहिल्यांदा आलेला अंक शोधल्याशिवाय तारीख पक्की धरू नका.

देशी तारखांचा हिशेब असा. शक सालात ७८ मिळवले की चैत्रापासून डिसेंबरअखेरचं इसवी सन मिळतं. जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. गुजराती व्यापाऱ्यांचा संवत दिवाळीनंतरच्या पाडव्याला बदलतो, तेव्हा पाडव्यापासून डिसेंबरअखेर ५७ वजा करा, आणि जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत ५६. म्हणजे संवत १९२१च्या वैशाखातली नोंद १८६५ची, पण त्याच संवताच्या कार्तिकातली १८६४ची. पारशी पेढ्यांत यज्दगर्दी सन येतो. अधिक महिना असेल तर पंचांग उघडण्याला पर्याय नाही.

बिनतारखेचं कात्रण हाती आलं, तर मजकुरातच खुणा शोधा. ‘अर्ध्या आण्याची तिकिटे पाठवावीत’ असं असेल तर ते १८५४च्या ऑक्टोबरनंतरचं. पुस्तक व्ही.पी.नं (टपाल हाती येताना पैसे भरून) मिळेल असं म्हटलं असेल तर १८७७च्या आधीचं नाही, आणि पोस्टाची मनिऑर्डर करा म्हटलं असेल तर १८८०च्या आधीचं नाही. घोड्यांच्या ट्रामचा उल्लेख असेल तर मे १८७४ ओलांडली आहे. कंपनीच्या नावापुढे ‘लिमिटेड’ असेल तर १८५७चा कायदा झालेला आहे. वेळ दिली असेल तर ती मुंबईची की मद्रासची हेही पाहा. रेल्वे मद्रासच्या वेळेनं चाले आणि ती मुंबईच्या वेळेपेक्षा सुमारे अर्धा तास पुढे होती.

पाचवी पायरी: पैसा आणि वजन

१८३५मध्ये कंपनी सरकारचा एकछापी रुपया आला. त्याच्या आधीच्या मुंबईच्या हिशेबात रुपयाचे ४ क्वार्टर आणि ४०० रेस असत, ‘रु. १२–३–५०’ दिसलं तर त्यातल्या ३ला आणे समजू नका. नंतर सरळ १६ आणे, आण्याला ४ पैसे किंवा १२ पै. मराठी मजकुरात ५। म्हणजे सव्वापाच, ५॥ म्हणजे साडेपाच, ५॥। म्हणजे पावणेसहा. घाटावरच्या नोटिशीत अंकुशी, चांदवडी, हाली अशा नावांचे रुपये आले, तर त्यांची किंमत कंपनीच्या रुपयाबरोबर एकसारखी नव्हती. वटाव (बदलून घेताना होणारी कपात) लागे आणि तो रोज बदले. अशा रकमा मूळच्या नावासह तशाच लिहून ठेवा, बदलायच्या भानगडीत पडू नका.

वजनात घोटाळा अधिक. मुंबईचा मण २८ पौंडांचा, ४० शेरांचा. बंगाली मण ८२ पौंडांहून थोडा जास्त. मुंबईच्या २० मणांची खंडी ५६० पौंडांची, पण कापसाची खंडी ७८४ पौंडांची. एकाच पानावर दोन्ही खंड्या येतात. त्यातली कोणती हे माल ठरवतो. कापसाचा भाव चुकीच्या खंडीनं काढला तर उत्तर दीडपटीजवळ हुकतं.

सहावी पायरी: पत्ता जमिनीवर शोधा

कोटाची तटबंदी १८६२पासून पाडायला घेतली, हे ध्यानात ठेवून पत्ते वाचा. त्याआधीचा ‘बझारगेटजवळ’ म्हणजे खऱ्याखुऱ्या दरवाजाजवळ. मेडोज स्ट्रीट आज नगीनदास मास्टर रोड आहे, चर्चगेट स्ट्रीट वीर नरिमन रोड, हॉर्नबी रोड दादाभाई नौरोजी रोड, एस्प्लनेड रोड महात्मा गांधी रोड. ‘कॉटन ग्रीन’ हा कापसाचा बाजार तर चक्क जागा बदलतो: आधी कोटात टाउन हॉलसमोर, आणि १८४४नंतर कुलाब्याला. मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट आणि पुण्याचं रे मार्केट या दोन्ही मंडया आता महात्मा फुल्यांच्याच नावाच्या आहेत, त्यामुळे नंतरच्या कागदात नुसती ‘फुले मंडई’ आली तर शहर तपासा.

मुंबईच्या दुकानाचा पुण्याचा पत्ता दिसला तर गोंधळू नका. पावसाळ्यात मुंबई सरकारचा मुक्काम पुण्यात असे आणि गिऱ्हाईक तिकडे गेलं की दुकानदारही जात. ट्रेचर कंपनीसारख्या औषधवाल्यांची मुंबई, भायखळा आणि पुणे अशी दुकानं होती. पत्ता जुळवायला त्या-त्या वर्षाच्या डिरेक्टऱ्या वापरा. रस्तावार आणि धंदेवार याद्या त्यांत असतात. तरीही सावध राहा: मागच्या वर्षीची नोंद तशीच पुढे ढकलायची खोड तेव्हाच्या डिरेक्टऱ्यांनाही होती.

सातवी पायरी: १८६५ची जुलै पार करून पाहा

सरावासाठी याहून चांगला काळ नाही. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१पासून इंग्लंडमधल्या लँकेशरच्या कापडगिरण्यांना मिळणारा अमेरिकी कापूस आटला, आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि आलेला पैसा शेअरांत ओतला गेला. १८६५च्या सुरुवातीला मुंबईत ३१ बँका होत्या. समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या बॅकबे कंपनीचा ५,००० रुपये भरलेला शेअर ५०,०००च्या घरात पोचला होता. कापूस-शेअरांचे बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांचं नाव या सगळ्यावर छत्रासारखं होतं. एप्रिलमध्ये युद्ध संपत आलं, ती खबर इथे पोचली, कापूस गडगडला, आणि १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशी देण्याघेण्याचा डोलारा कोसळला.

आता नोटिसा बघा. १८६४च्या पानांवर नव्या कंपन्यांच्या शेअरमागणीच्या लांबलचक नोटिसा: भांडवल, संचालक, बँकर, वकील. संचालकांची नावं एका कागदावर उतरवा. तीच पाच-दहा नावं फिरून फिरून येताना दिसतील, आणि पुढे काय होणार ते त्या यादीतच लिहिलेलं आहे. १८६५च्या वसंतात शेअरचा पुढचा हप्ता भरा म्हणून तगादे सुरू होतात. मग हप्ता न भरणाऱ्यांचे शेअर जप्त केल्याच्या नोटिसा येतात. जुलैनंतर घरं, बंगले, गाड्या यांचे लिलाव. त्यानंतर दिवाळखोरीच्या याद्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात लंडनची ओव्हरएंड गर्नी पेढी बुडाली आणि मुंबईत दुसरी लाट आली. कंपन्या गुंडाळल्याच्या नोटिसा तेव्हापासून दाटीनं दिसतात. बँक ऑफ बॉम्बे १८६८मध्ये मोडून त्याच नावानं नवी उभी करावी लागली.

मुंबईच्या दिवाळखोरीला १८४८चा कायदा लागू होता. कर्जदार अर्ज करी, देण्या-घेण्याची यादी दाखल करी, मिळकत ऑफिशियल असाइनी या कोर्टाच्या अधिकाऱ्याकडे जाई, आणि वसुली झाली की धनकोंना हिस्सा वाटला जाई. हा हिस्सा ‘रुपयास १ आणा ६ पै’ अशा भाषेत छापत, म्हणजे शंभरातले सव्वानऊ-साडेनऊ रुपये हाती आले. तुमच्या पूर्वजाचं नाव यादीत दिसलं तर तो धनको होता की कर्जदार हे आधी पाहा. घरात चालत आलेली ‘आम्हाला लोकांनी बुडवलं’ ही गोष्ट कधीकधी इथे उलटी निघते. कोर्टातली मूळ यादी मिळाली, तर कुणाकडून किती येणं-देणं होतं ते रकमांसह मिळतं. पेढीच्या हरवलेल्या वहीला यापेक्षा चांगला पर्याय मला माहीत नाही.

मुंबई इलाख्यात हा कायदा मुंबई शहरापुरता. पुण्या-नगरचा व्यापारी त्या याद्यांत सापडणार नाही, मुंबईत दुकान असेल तरच सापडेल. त्याच्यासाठी जिल्हा कोर्टाच्या जप्ती-लिलावाच्या नोटिसा पाहा. त्या मराठी पत्रांत येतात आणि चतुःसीमेसह घराचं वर्णन देतात.

नोटीस न देणारे

देशी बाजारातला सुखाचा व्यापार जाहिरातीशिवाय चाले. मांडवीच्या धान्यवाल्याला किंवा पुण्याच्या रविवार पेठेतल्या सराफाला आपली पत छापून सांगायची गरज नव्हती. ती मुनीम, दलाल आणि नातलग यांच्या तोंडी फिरे. तो छापील पानावर येतो तो बहुतेक अडचण आल्यावर. त्यामुळे नुसत्या नोटिसा मोजून ‘या धंद्यात साहेब जास्त होते’ किंवा ‘अमक्या जातीचे लोक वारंवार बुडत’ असं लिहाल, तर ते चुकेल. तोल साधायला कॅम्बेल यांनी संपादित केलेली जिल्हा गॅझेटियरं घ्या; पुण्याचं १८८५चं. कारागीर, दुकानदार, व्याजाचे दर, वजनंमापं यांची तिथली माहिती नोटिसांनी सोडलेली पोकळी भरून काढते.

नोंदवही अशी ठेवा: एका नोटिशीला एक पान. पत्राचं नाव, अंकाची तारीख, पान, स्तंभ, नोटिशीची स्वतःची तारीख, पहिल्यांदा आणि शेवटची कधी आली, नावं जशी छापली तशी, पत्ता, रक्कम मूळ चलनात, आणि खाली वेगळ्या शाईत तुमचा तर्क. मजकूर आणि तर्क एकाच शाईत लिहू नका. शेवटच्या रकान्यात ‘पुढे काय शोधायचं’ ते लिहा: भागीदाराचं नाव, कोर्ट, डिरेक्टरीचं वर्ष. पेढीचा संबंध गोव्याशी असेल तर तिथलं पोर्तुगीज सरकारी गॅझेट ‘बोलेतिं’ पाहा, आणि विलायतेतल्या पेढीशी भागी असेल तर ‘लंडन गॅझेट’. मुंबईत मोडलेल्या भागीदारीची नोटीस तिथेही छापलेली असू शकते, आणि मुंबईच्या पत्रात गाळलेलं एखाद्या भागीदाराचं नाव तिथे सापडतं.